आण्णांचा नाकारलेला फोटो

भूपाल चौगुले यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मिशीला काळा रंग लावला, तेव्हा त्यांच्या मुलीला, स्वरूपाला, आधी हसू आलं आणि मग काळजी वाटू लागली.

काळजीचं कारण होतं. आण्णांनी चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढली होती आणि तेवढ्या काळात आरशात पाहिलं होतं ते फक्त दाढी करताना. आता मात्र सोमवारी नवा कंगवा आला, मंगळवारी मिशी काळी झाली आणि बुधवारी फिक्या गुलाबी रंगाचा शर्ट अंगावर चढला. मिरजेच्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा, इस्त्री केलेला.

"आण्णा, कुणाच्या लग्नाला निघालाय?"

"लग्नालाच जायला पाहिजे का? माणसानं जरा नीटनेटकं राहू नये?"

"राहा की. मी कुठं नको म्हणतेय?"

आण्णांनी तिच्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. पाच-सहा दिवस हेच चाललं होतं. दुपारी चहाच्या आधी ते खिडकीसमोर खुर्ची ओढून बसायचे, फोन समोरच्या पुस्तकांना टेकवून ठेवायचे आणि ताठ मानेनं त्याच्याकडे टक लावून बघायचे. पाठीमागच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, ते वर्षभर सव्वासात दाखवत होतं. ते दुरुस्त करायची आठवण स्वरूपानं दोनदा करून दिली होती आणि 'असू दे, सवड झाली की करा' म्हणून तिनंच सोडूनही दिलं होतं. काय करताय, असं विचारलं तर आण्णा म्हणाले, डोळ्यांचा व्यायाम.

स्वरूपानं तेही सोडून दिलं. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांपासून, या घरात कुणीच कशाला हरकत घेत नव्हतं. पुण्यातला फ्लॅट सोडून ती काम घेऊन मिरजेला आली होती. वेबसाइट बनवायच्या तर त्या कुठूनही बनवता येतात. आण्णांच्या पद्धतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत ती दोघं जेवायची, गोळ्या वेळेवर, फिरणं वेळेवर. आण्णांना काही कमी पडू दिलं नाही याचा तिला मनातून अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

गुरुवारी सकाळी कुंदाताई आडमुठेंचा फोन आला. कुंदाताई सांगलीत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी साठी ओलांडलेल्या एकट्या माणसांसाठी 'जोडीला' नावाचं विवाहमंडळ काढलं होतं. लग्न करा, नाहीतर नुसती सोबत करा, पण एकटं बसू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांची वेबसाइट स्वरूपानं बनवली होती आणि पंधरा दिवसांपूर्वीच तिच्या नावनोंदणीत फोटो चढवायची सोय तिनं जोडली होती.

"स्वरूपा, अगं तुझं मशीन म्हाताऱ्यांचे फोटो घेत नाही," कुंदाताई वर्गात बोलावं तशा बोलल्या. "सकाळपासून सात फोन आले. एक गृहस्थ तर रडायच्या बेतात होते."

"ताई, देवाचे फोटो टाकत असतील. नाहीतर नातवंडांचे."

"ते तर टाकतातच. पण जरा बघ. आपल्या माणसांना आधीच कुणी विचारत नाही, त्यात मशीननंही नाही म्हणावं?"

फोटो घेणं ही आता पूर्वीसारखी साधी गोष्ट राहिली नव्हती. मशीननं घडवलेले चेहरे इतके हुबेहूब होऊ लागले होते, की एका भामट्यानं कधीच न जन्मलेल्या बाईचा चेहरा लावून तीन जिल्ह्यांतल्या विधुरांना नादी लावलं होतं. तेव्हापासून कायदाच झाला. माणसांची गाठ घालून देणाऱ्या कुठल्याही वेबसाइटनं नुसता फोटो घ्यायचा नाही, दहा सेकंदांचं जिवंत चित्र घ्यायचं. माणसानं कॅमेऱ्यासमोर स्वस्थ बसायचं. समोर बसलंय ते खरंच माणूस आहे का, हे वेबसाइटनं तपासायचं आणि मगच त्यातला एक फोटो ठेवायचा.

तपासायचं कशावरून? तर नाडीवरून. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं रक्त येतं आणि ओसरतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी आपलं कपाळ आणि गाल किंचित गडद होतात आणि पुन्हा उजळतात. हा फरक इतका सूक्ष्म असतो की जन्मभर समोर बसलेल्या माणसालाही तो दिसत नाही. साध्या फोनच्या कॅमेऱ्याला मात्र तो दिसतो. एका सेकंदातली तीस चित्रं एकमेकांशी ताडून पाहिली, की दहा सेकंदांत माणसाचे बारा-तेरा ठोके मोजता येतात. खोट्या चेहऱ्याला नाडी नसते. पुढे भामटेही शहाणे झाले आणि चेहऱ्यात नाडी मिसळू लागले, पण त्यांची नाडी ओबडधोबड असायची. म्हणून स्वरूपानं आणखी एक नियम घातला होता, दोन ठोक्यांमधलं अंतर फार कमीजास्त होत असेल तर चित्र बनावट धरावं. हा नियम तिनं स्वतःवर आणि आपल्या आठ-दहा मित्रमैत्रिणींवर तपासून पाहिला होता. सगळे तिशी-पस्तिशीतले, सगळ्यांची हृदयं ठणठणीत.

नाकारलेली चित्रं सात दिवस एका कप्प्यात राहायची आणि मग आपोआप पुसली जायची. दुरुस्तीसाठी ती पाहायची परवानगी एकट्या स्वरूपाला होती, नावं झाकून. तिनं कप्पा उघडला. दोनशे चौदा चित्रं. एकोणचाळीस देव निघाले. नातवंडं, तुळशीवृंदावन, एक ट्रॅक्टर, दारासमोर उभी केलेली म्हैस. एका बाईंनी भिंतीवरच्या आपल्याच तरुणपणच्या फोटोसमोर दहा सेकंद फोन धरला होता. स्वरूपा मनसोक्त हसली आणि पुढची चित्रं बघत राहिली.

मग तिला तो काठ दिसला.

निरोप समारंभात काढलेला जुना फोटो होता. हारतुरे घातलेला एक माणूस आणि त्याच्या शेजारची बाई कापून टाकलेली, पण पूर्ण नाही. कडेला जांभळ्या इरकलीचा लाल काठ दोन बोटं राहून गेला होता. ते लुगडं तिनं स्वतः आईच्या कपाटातून काढून घडी घालून ठेवलं होतं. माणसाच्या तोंडाकडे बघायची गरजच नव्हती, तरी तिनं बघितलं. आण्णा होते.

त्याखाली आणखी आठ चित्रं होती, सहा दिवसांतली. आधी रोजच्या शर्टातली. मग भांग पाडून. मग काळ्या मिशीत. मग गुलाबी शर्टात. शेवटच्या चित्रात आण्णा हसायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांच्या हसण्याला सवय नसल्यानं ते जरा घाबरल्यासारखेच दिसत होते. प्रत्येक चित्राखाली स्वरूपानंच लिहिलेलं एक वाक्य होतं, 'आपले चित्र स्वीकारता आले नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

तिला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आधी रागच आला. मी आहे ना इथं? पुणं सोडून आले, वेळेवर सगळं करते, आणि यांना सोबत पाहिजे? चहा करायला म्हणून ती उठली आणि चहा न करताच परत येऊन बसली. मग तिनं, निदान मशीननं का नाकारलं ते तरी बघू म्हणून, नाडीची रेघ उघडली.

कपाळाचा ठोका आणि गालाचा ठोका अगदी बरोबर जुळत होता. म्हणजे चित्र खरं होतं. पण ठोके कसेही पडत होते. दोन घाईनं, एक उशिरा, मग तीन एकदम, मग बराच वेळ काहीच नाही. आठही चित्रांत तेच. बनावट नाडीसाठी लावलेल्या नियमात तिनं स्वतःच्या बापाला पकडलं होतं.

याचा अर्थ काय असू शकतो हे तिला ठाऊक होतं, कारण हे तंत्र शिकताना त्याबद्दल वाचावंच लागतं. हृदयाचे वरचे कप्पे कधीकधी नीट आकुंचन पावेनासे होतात, नुसते थरथरत राहतात. माणसाला फारसं काही जाणवत नाही. पण आत रक्त साचतं, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन अडकली तर उभा माणूस क्षणात लुळा पडतो. वेळीच कळलं तर रोजच्या गोळ्यांवर भागतं.

स्वरूपाचा राग कुठल्या कुठे पळाला. पण पंचाईत उरलीच. आण्णांना सांगायचं तर कुठून कळलं हेही सांगायला लागणार. ज्या माणसानं डोळ्यांचा व्यायाम म्हणून थाप मारली, त्याला 'मी तुमचे नऊ फोटो बघितले' असं तोंडावर कसं सांगायचं? न सांगता 'चला, तपासून येऊ' म्हणावं, तर आण्णा दवाखान्याच्या पायरीला पाय लावणारे नव्हते. यंत्रानं काढलेल्या आकड्यावर त्यांचा जन्मात विश्वास नव्हता. डेपोत नवी तपासणी मशीनं आली तेव्हाही ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि रोग सांगायचे. तो बरोबर निघायचा.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा भाकरी वाढली.

"पोट भरलंय गं," आण्णा म्हणाले. "आणि अशी काय बघालीस माझ्याकडं? मिशी वाईट दिसतीय का?"

"नाही आण्णा. चांगली दिसतीय."

"उगं आपलं म्हणायचं म्हणून म्हणू नको," ते म्हणाले आणि ताट घेऊन उठले. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून ते थांबले आणि छातीवर हात ठेवून मग पुढे गेले. हे थांबणं तिनं गेल्या महिन्यातही पाहिलं होतं. तेव्हा तिला ते वयाचं वाटलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं ठरवलं. आठ चित्रांमधल्या नाडीच्या रेघा तिनं एकापुढे एक जोडल्या आणि प्रत्येक ठोक्याला एक जाड, बोजड आवाज दिला. सव्वा मिनिटाचा आवाज तयार झाला. तो घेऊन ती अंगणात गेली. आण्णा झाडांना पाणी घालत होते.

"आण्णा, एका ओळखीच्या माणसानं आवाज पाठवलाय. जुनं इंजिन आहे. काय झालंय ते कुणाला कळेना."

आण्णांनी पाइप खाली टाकला. चार वर्षांत त्यांना कुणी इंजिनाबद्दल काही विचारलं नव्हतं. ते आत जाऊन लाकडी मुठीचा तो लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, त्याचं टोक त्यांनी फोनच्या पाठीला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गरज नव्हती, पण त्यांना तसंच ऐकू यायचं. सव्वा मिनिट संपलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

"मिसिंग नाही हे," डोळे न उघडता ते म्हणाले.

"मग?"

"मिसिंग असलं तर ठराविक ठोका जातो. एक, दोन, तीन, गेला. एक, दोन, तीन, गेला. याला काही नेमच नाही. डिझेलमध्ये हवा धरलीय यानं."

"तशीच चालवली तर चालेल का?"

"चालंल की! तेच तर वाईट." आण्णांनी डोळे उघडले. आता ते तिचे वडील नव्हते, डेपोतले चौगुले मिस्त्री होते. "बंद पडली असती तर कुणीतरी बघितली असती. ही चालत राहणार आणि भर घाटात दगा देणार. कुणाची गाडी आहे? त्याला म्हणावं, आज रूटवर काढू नको. आधी हवा काढ."

स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाडी नाही आण्णा ती. ही तुमची नाडी आहे."

आण्णांनी स्क्रूड्रायव्हर खाली केला. मग डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवली आणि बराच वेळ उभे राहिले. पाइपातलं पाणी जास्वंदीच्या आळ्यातून वाहून फरशीवर आलं.

"हे तुला कुठनं मिळालं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्ही खिडकीसमोर बसून दहा सेकंद कॅमेऱ्याकडे बघता ना, त्यातनं. ती वेबसाइट मी केलीय आण्णा. फोटो तपासायचा नियमही माझाच."

आण्णांचे कान लाल झाले. "म्हणजे तू बघितलंस."

"बघितलं."

"सगळे?"

"गुलाबी शर्टासकट."

तिला वाटलं, आता ते चिडतील नाहीतर उठून आत जातील. पण त्यांनी भलतंच विचारलं, आणि तेही अगदी हळू आवाजात. "मग ते नाकारलं ते माझ्या तोंडामुळं नाही?"

"नाही हो! मशीनला तुमचं तोंड कळतसुद्धा नाही. तुमची नाडी अशी वेडीवाकडी, म्हणून त्याला वाटलं तुम्ही खोटे आहात."

"मी खोटा!" आण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "आणि मी इकडं ही रंगवत बसलो. चल, गाडी काढ. हवा काढून येऊ."

दवाखान्यात छातीला तारा लावून काढलेला आलेख आणि स्वरूपाची रेघ यांच्यात काही फरक नव्हता. वरचे कप्पे थरथरत होते. गुठळी झालेली नव्हती. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या आणि ठोका ताळ्यावर ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. ठोका पूर्ण सरळ होईलच असं नाही, पण धोका टळला, असं त्या म्हणाल्या.

"वेळेत आलात काका. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"माझ्याच," आण्णा छाती काढून म्हणाले. "आवाजावरनं."

औषधांसाठी थांबलेली असताना बाकावर दोघंच होती. स्वरूपाला जे दोन दिवस विचारायचं होतं ते तिनं आता विचारलं.

"आण्णा, माझं काही चुकलं का? मी आहे ना घरात."

"तू आहेस की. तुझ्याएवढं कोण करतंय?" आण्णा समोरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "पण तुझ्या आईशी मी रोज भांडायचो. मीठ जास्त पडलं म्हणून, पंखा कितीवर ठेवायचा म्हणून. छत्तीस वर्षं. तू भांडत नाहीस स्वरूपा. तू समजूत घालतेस. मी म्हातारा झालोय असं मला त्यामुळंच वाटतं."

आपण चार वर्षं या माणसाच्या हो ला हो म्हणत आलो आणि त्यालाच सेवा समजत आलो, हे तिला लागलं. तशी ती सेवा खोटीही नव्हती.

"आणि तो फोटो," ती म्हणाली, "आईला नीट कापता नाही आलं तुम्हाला."

"कापायचंच नव्हतं," आण्णा म्हणाले. "तो काठ मुद्दाम ठेवला. येईल तिला दिसायला पाहिजे, आधी कोण होतं ते."

सोमवारी स्वरूपा सांगलीला जाऊन कुंदाताईंसमोर बसली. नाकारलेल्या चित्रांतून देव, नातवंडं आणि म्हैस वगळल्यावर कपाळ आणि गाल जुळणारी, पण ठोका वेडावाकडा असलेली एकतीस माणसं उरत होती. त्यांतला एक तिचा बाप होता, हेही तिनं सांगितलं.

"नाडीचा उपयोग दुसऱ्या कशाला करायचा नाही, कुणाला सांगायची नाही, असं कायदा म्हणतो," ती म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला सांगायची नाही," कुंदाताई म्हणाल्या. "ज्याची नाडी त्याला सांगायला कुणाची बंदी आहे? आणि ते तुझं वाक्य आधी काढ. पुन्हा प्रयत्न करा म्हणे! दहावीला बसलेत का ते?"

दोघींनी मिळून नवं लिहिलं. कपाळ आणि गाल जुळले की माणूस खरा, ठोका कसा का असेना, चित्र स्वीकारायचं. ठोका वेडावाकडा असेल तर ज्याचा त्याला, एकट्यालाच, एक निरोप जायचा, 'आपले चित्र छान आले आहे. आपल्या नाडीचा ठोका मात्र एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावा.' 'छान आले आहे' हे शब्द कुंदाताईंनी आग्रहानं घालायला लावले. एकतीस जणांना तो निरोप त्याच दिवशी गेला. पुढच्या पंधरवड्यात त्यांतल्या बावीस जणांनी डॉक्टरांना दाखवून आल्याचं कळवलं, आणि एका आजोबांनी कुंदाताईंना केळ्यांचा अख्खा घड पाठवला.

तीन आठवड्यांनी आण्णा पुन्हा खिडकीसमोर बसले. या वेळी दार उघडं होतं. पाठीमागच्या भिंतीवर घड्याळाशेजारी निरोप समारंभाचा तो कापलेला फोटो टांगला होता. गुलाबी शर्ट कपाटात होता. मिशीचा रंग निम्मा उतरून ती खालून पांढरी आणि वरून काळी झाली होती. ठोका अजून अधूनमधून चुकत होता. दहा सेकंद झाले आणि 'आपले चित्र छान आले आहे' अशी अक्षरं उमटली. आण्णांनी ती दोनदा मोठ्यानं वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीतून एकदम आवाज आला, "काय शिष्ट बाई आहे!"

स्वरूपा धावत गेली. आण्णा फोन हातात धरून येरझाऱ्या घालत होते. जयसिंगपूरच्या कुणी सुनंदा मगदूम, निवृत्त पोस्टमास्तर, वय चौसष्ट, यांनी लिहिलं होतं, 'तुमचे चित्र पाहिले. मिशीत दोन रंग दिसतात, त्यातला खरा कोणता? मागे टांगलेल्या फोटोतला इरकलीचा काठ फार सुरेख आहे. मात्र तुम्ही स्वतःला मेकॅनिक म्हणवता आणि तुमच्या मागचे घड्याळ बंद आहे, हे काही पटले नाही.'

"बंद आहे म्हणे! अगं, मी चौतीस वर्षं इंजिनं उघडली आणि ही मला घड्याळ शिकवतीय!" आण्णांचे डोळे चमकत होते. त्यांनी स्टूल ओढलं, घड्याळ भिंतीवरून उतरवलं आणि टेबलावर पालथं घातलं. मग ते तसंच ठेवून पुन्हा फोन उचलला.

"आण्णा, जरा शांत व्हा. उत्तर मी लिहून देऊ का?"

"नको," आण्णा चष्मा लावत म्हणाले. "तू समजुतीनं लिहिशील."